जाळे आपले, किल्लीही आपलीच

(बोईसर येथील प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



बोईसर-तारापूर पट्ट्यातले कामगार, पालघर आणि चिंचणीहून आलेल्या मुली आणि त्यांचे पालक असे आपण सगळे इथे जमलो आहोत. एमआयडीसीतली पाळी संपवून थेट आलेल्यांचे विशेष आभार. दोन दिवस आपण अँटेना, राऊटर आणि वायर हाताळणार आहोत. हे कशासाठी, ते आधी बोलू.

"सर, फोन तर सगळ्यांकडे आहे, मग हे कशाला?" हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. फोन आहे, पण अनेक घरांत एकच आहे आणि तो वडिलांबरोबर पाळीवर जातो. मुलगी फॉर्म भरायला बसते तेव्हा फोन घरी नसतो. असला तर त्या दिवसाचा डेटा संपलेला असतो.

या कामात आपला जिल्हा मागे नाही. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने 'ग्राममार्ग' प्रकल्प हाती घेतला. दूरदर्शनसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या बऱ्याच लहरी रिकाम्या पडून होत्या. त्यांच्या आधारे खामलोली आणि आसपासच्या गावांत इंटरनेट पोहोचवून दाखवले गेले. या लहरी झाडीतून बऱ्यापैकी पुढे जातात. पुढे परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जिल्ह्यातली आणखी गावे जोडली गेली. ग्रामपंचायत आणि गावातल्या तरुणांना या कामात भागीदार करण्यात आले. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पुरस्कार मिळाला.

दूरदर्शनच्या लहरींना आपण हात लावणार नाही, त्यांना परवाना लागतो. शक्तीची मर्यादा पाळली तर २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ पासून खुला आहे. जिथे फायबर आले आहे त्या इमारतीच्या गच्चीवर एक अँटेना आणि वस्तीतल्या गच्चीवर दुसरा, एवढ्यावर सुरुवात होते. दोन्ही गच्च्या एकमेकींना दिसल्या पाहिजेत. मध्ये पाण्याची टाकी किंवा नारळाचे झाड आले की वेग पडतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंडी क्लॅम्प गंजतात आणि पावसाळ्यात वीज पडते, म्हणून अर्थिंगमध्ये काटकसर नको. वस्तीतल्या छोट्या संगणकावर विकिपीडिया आणि बालभारतीची पुस्तके उतरवून ठेवली, तर बाहेरची लाइन बंद असतानाही मुले ती वाचू शकतात.

इंटरनेट वाटायचे तर कायद्याच्या वाटेने. ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही परवाना न घेता वाय-फाय देऊ शकतो. त्याला नोंदणीकृत अ‍ॅग्रिगेटरशी जोडून घ्यावे लागते, इतकेच.

आता मुख्य मुद्दा. राऊटर ज्याच्या हाती, त्याला काय दिसते? तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशातला मजकूर त्याला दिसत नाही. मात्र कोणता फोन किती वाजता जोडला गेला आणि बहुतेक वेळा कोणत्या संकेतस्थळावर गेला, हे त्याला कळू शकते. म्हणजे उद्या वस्तीतल्या कोणाची मुलगी काय शोधते, कोण कोणत्या आजाराची माहिती वाचतो, हे आपल्यातल्याच एखाद्याला कळू शकेल. कंपनीवर विश्वास नाही म्हणून आपले जाळे उभारायचे आणि मग आपणच पाळत ठेवायची, हे चालणार नाही. कायद्याने जेवढी नोंद ठेवावी लागते तेवढीच ठेवायची. राऊटरचा पासवर्ड दोघांकडे असेल, त्यातली एक बाई असेल.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. तो अधिकार घरातल्या मुलीलाही आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. बोलणाऱ्या स्त्रियांना गप्प बसवण्यासाठीच तो खेळ होता. अशा वेळी घाबरून मुलीचा फोन काढून घेतला, तर ज्यांना तिला गप्प करायचे होते त्यांचे काम आपणच केले. फोन तिच्याकडेच राहू द्या आणि तिला कुलूप लावायला शिकवा.

दुसरी सवय कागदपत्रांची. मतदार यादी असो की शिष्यवृत्ती, आपण आधार आणि रेशनकार्डाचे फोटो थेट दोन-तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकतो. मदत करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तो फोटो पुढे कुठे जाईल हे त्याच्याही हातात नसते. कागद एकालाच दाखवा, काम झाले की पुसायला लावा. जिथे चालते तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्या. आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावा. पैसे गेलेच, तर लाजून बसू नका. लगेच १९३० वर फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

उद्या संध्याकाळी प्रत्येक वस्तीने तीन गोष्टी लिहून द्यायच्या आहेत: अँटेना कोणाच्या गच्चीवर, महिन्याचे बिल कोण भरणार, आणि नोंदी कोण पाहणार व किती दिवसांनी पुसणार. तिसऱ्याचे उत्तर ठरल्याशिवाय पहिला खांब उभा करायचा नाही. चला, आता क्रिंपिंग टूल हातात घ्या. सुरुवात मुली करतील.