झोपेची आज्ञा



नळाचे मीटर किंवा शेतातली ओल मोजणारे यंत्र दिवसातून एकदा चार आकडे पाठवते. जवळ वीज नाही, एका बॅटरीवर वर्षे काढायची. अशांसाठी मोबाइल नेटवर्कचे एनबी-आयओटी आणि एलटीई-एम हे दोन प्रकार २०१६ मध्ये प्रमाणित झाले.

यातली खरी करामत बोलण्यात नाही, झोपण्यात आहे. मोडेम नेटवर्कला कळवतो, ‘मी झोपतो, माझे नाव वहीतून खोडू नका.’ नियमाप्रमाणे ही झोप चारशे दिवसांहूनही लांबू शकते. मात्र झोपेत कुणी हाक मारली, तर ऐकू जात नाही.

मोडेमशी बोलायची भाषा १९८१ मधल्या हेज मोडेमची. प्रत्येक आज्ञेआधी ‘एटी’, म्हणजे अटेन्शन. मुशायऱ्यात शेर म्हणण्याआधी ‘मुलाहिजा फर्माइए’ म्हणतात ना, तसेच! झोपेची आज्ञा सगळीकडे एकच आहे. पण माहिती पाठवायची वेळ आली की प्रत्येक कंपनीची बोली निराळी. एका मोडेमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यापुढे मुका होतो.

इथे झेफर कामी येते. छोट्या यंत्रांसाठीची ही मुक्त कार्यप्रणाली २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. तिचे मोडेम ड्रायव्हर म्हणजे दुभाषे. मोडेम बदलला तर दुभाषा बदलायचा, मूळ प्रोग्रॅम बराचसा तसाच राहतो. हे किरकोळ नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी थ्री-जी बंद केले, तेव्हा त्यावरचे घरांचे अलार्म आणि वृद्धांची मदतीची बटणे बदलावी लागली.

पण सगळेच मुक्त झाले, असे समजू नका. नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ९१६० या चिपमध्ये झेफर चालते. शेजारच्या मोडेमचे सॉफ्टवेअर मात्र कंपनीचे, बंद पेटीतले. आत डोकावता येत नाही, नुसते विचारता येते.

म्हणून चांगला प्रोग्रॅम नीट विचारतो. आपण मागितली तेवढी झोप नेटवर्क देतेच असे नाही. कधी कमी देते, कधी नाकारते. मंजुरी न वाचता निर्धास्त राहणाऱ्या यंत्राचा मोडेम जागाच राहतो, आणि वर्षांच्या हिशेबाने बसवलेली बॅटरी काही आठवड्यांत संपते.