रानातला राखणदार चोरीला जातो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, जंगलातून चोरीला काय जातं असं कुणी विचारलं, तर आपल्या तोंडी पटकन येतं ते सागवान. मग चंदन, नदीतली वाळू, वाघाचं कातडं. या यादीत गेल्या वीसेक वर्षांत एका वस्तूची भर पडली आहे आणि ती वस्तू मुळात जंगलातली नाहीच. माणसानंच ती तिथं नेऊन ठेवलेली असते, जंगलावर नजर ठेवायला. म्हणजे राखणदारच चोरीला जातो! मी बोलतोय ते झाडाच्या बुंध्याला बांधलेल्या कॅमेऱ्याबद्दल.

वनखात्यातली माणसं त्याला 'कॅमेरा ट्रॅप' म्हणतात. साधारण विटेएवढी, मातकट किंवा हिरवट रंगाची एक पेटी. गुडघ्याएवढ्या उंचीवर पट्ट्यानं बांधलेली. समोरून ऊबदार अंगाचा प्राणी हलला, की उष्णतेतला फरक आतल्या संवेदकाला कळतो आणि फोटो निघतो. दिवसा, रात्री, पावसात, कुणी नसताना. फोटो आतल्या कार्डावर साठत जातात. काही दिवसांनी वनरक्षक येतो, कार्ड बदलतो, बॅटऱ्या बदलतो आणि जातो. मधल्या काळात हजारो रुपयांची ही वस्तू रानात एकटीच असते.

ही पेटी एवढी दणकट आणि त्या मानानं स्वस्त झाली, त्यात वाघांपेक्षा अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. तिथं परवाना काढून ठरलेल्या हंगामात हरणाची शिकार करता येते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मोठ्या शिंगांचा नर कुठल्या वाटेनं, किती वाजता जातो हे आधी कळावं म्हणून शिकारी उन्हाळ्यापासूनच रानवाटांवर कॅमेरे बांधतात. तिकडे त्यांना 'ट्रेल कॅमेरा' म्हणतात. त्याच्या जोडीला झाडावर चढवलेली लोखंडी मचाणं, शिड्या, पट्टे हे सगळं सामानही रानात ठेवतात. आणि हंगाम तोंडावर आला की ऐन वेळी झाडाला नुसता तुटलेला पट्टा लोंबकळताना दिसतो.

तिथला मामला एका अर्थी सोपा आहे. सार्वजनिक जंगलात, आडवाटेला, त्या दिवसांत येणार कोण? दुसरा शिकारीच. त्यामुळे संशयही त्याच्यावरच. मग पोलादी दोराचं कुलूप आलं, लोखंडी पेटी आली, फोटो थेट मोबाइलवर पाठवणारे कॅमेरे आले. काही जण तर खालच्या कॅमेऱ्यावर नजर ठेवायला वर फांदीवर दुसरा कॅमेरा बांधतात. पहारेकऱ्यावर पहारेकरी! ॲरिझोना हे कोरडं राज्य. तिथं मोजक्याच पाणवठ्यांवर कॅमेऱ्यांची इतकी दाटी झाली, शिकाऱ्यांत इतके खटके उडू लागले आणि जनावरांना इतका त्रास होऊ लागला, की १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी कॅमेरा वापरायलाच बंदी घातली गेली.

आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली. कॅमेरा मात्र आला, वेगळ्याच कामाला. पूर्वी वाघ मोजायचे ते पावलांच्या ठशांवरून. काच ठेवून ठसा गिरवायचा, प्लॅस्टरचा साचा काढायचा. या पद्धतीवर तज्ज्ञांचे आक्षेप होतेच. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर असलेले वाघ प्रत्यक्षात उरलेच नाहीत असं उघड झालं आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. २००६ पासून देशाची गणना नव्या पद्धतीनं होऊ लागली आणि तिचा कणा झाला कॅमेरा. कारण साधं आहे. वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे त्याच्या बोटांचे ठसेच. दोन वाघांचे सारखे नसतात.

२०१८ च्या गणनेत देशभरात २६ हजार ८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो काढले. त्यात वाघाचे किती? ७६ हजार ६५१. म्हणजे साडेचारशे फोटो पाहावेत तेव्हा एक वाघ. एवढ्या मोठ्या पाहणीची गिनीज बुकानंही नोंद घेतली. २०२२ मध्ये ठिकाणं ३२ हजारांवर गेली. बाकीच्या कोट्यवधी फोटोंत चितळ, सांबर, रानडुक्कर, वानरं, चरायला आलेली गुरं. आणि माणसं. या माणसांकडे आपल्याला परत यायचं आहे.

कॅमेरा गेला की काय जातं? चोराच्या हाती म्हणाल तर जवळपास काहीच लागत नाही. त्यानं लग्नाचे फोटो काढता येत नाहीत. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. फार तर कार्ड मोबाइलमध्ये घालता येतं. जातं ते कार्डावरचं. एका ठिकाणी कॅमेरे दोन लावतात, समोरासमोर, वाटेच्या दोन्ही बाजूंना. कारण वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगाशी जुळत नाहीत. दोन्ही फोटो एकाच क्षणी मिळाले तरच ही दोन्ही अंगं एकाच वाघाची हे कळतं. जोडीतला एक कॅमेरा गेला तर उरलेला आंधळा होत नाही, पण काणा होतो. नुसत्या डाव्या अंगाचा एक वाघ आणि दुसरीकडे नुसत्या उजव्या अंगाचा एक वाघ, हे दोन की एकच? सांगता येत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. कॅमेरे जंगलभर सारखे चोरीला जात नाहीत. गाभ्यातला, डोंगराआडचा कॅमेरा बहुधा शाबूत राहतो. जातो तो गावाजवळचा, रस्त्याकडेचा, तळ्याच्या वाटेवरचा. म्हणजे जिथं वाघ आणि माणूस एकमेकांसमोर येतात, नेमका तिथलाच. दोनदा चोरी झाली की पुढच्या वेळी तिथं कॅमेरा लावायला हात कचरतो. मग नकाशावर तिथं भोक पडतं, आणि भोक असतं गावाच्या अंगाला.

विदर्भात या भोकाची किंमत फार मोठी आहे. माणसावर हल्ला झाला की नेमका कुठला वाघ हे ठरवण्यासाठी त्या जागेभोवती कॅमेरे लावतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीतच ते सांगितलं आहे. २०१८ मध्ये पांढरकवड्याच्या परिसरात टी-१ वाघिणीचा शोध महिनोन् महिने चालला, तेव्हाही मोठी भिस्त कॅमेऱ्यांवरच होती. अशा वेळी एक कॅमेरा नाहीसा झाला तर भलताच वाघ पिंजऱ्यात जाऊ शकतो आणि खरा मोकळा राहतो. सकाळी मोह वेचायला निघालेल्या बाईच्या जिवाशी याचा थेट संबंध आहे.

मग प्रश्न पडतो, तिच्याच गावातला कुणी तो कॅमेरा का काढून नेतो?

सगळं माणसावर ढकलण्याचं कारण नाही. हत्ती कॅमेरा उपटतो, अस्वल चावून बघतं, वानरं खेळतात. पण माणसांतही दोन जाती आहेत. एक लोभानं नेणारा. त्याच्यासाठी कुलूप आहे, साखळी आहे, आणि सापडला तर भारतीय न्याय संहितेत चोरीला तीन वर्षांपर्यंत कैदही आहे. दुसरा नेतो तो कॅमेऱ्यानं त्याला पाहिलं म्हणून. त्याला वस्तू नको असते, त्याला साक्षीदार नको असतो. यात शिकारी टोळीचा माणूस असतोच, नाही असं नाही. पण सरपणाची मोळी घेऊन जाणारा गुराखीही असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता, मधल्या काळात गवत, बांबू. जंगलात जाणं हा त्याच्या पोटाचा भाग आहे. त्यातलं किती कायद्यात बसतं आणि किती नाही, हे त्याला नीट ठाऊक नसतं. लाल दिवा चमकला की त्याला एकच कळतं, आपण पकडले गेलो.

उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसराचं उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलकं वाटतं. त्रिशांत सिमलाई या संशोधकानं त्या भागात चौदा महिने राहून २७० लोकांशी बोलून अभ्यास केला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या एका कॅमेऱ्यात रानात परसाकडे बसलेल्या एका बाईचा फोटो आला. तो पुसला गेला नाही. गावातल्या लोकांच्या मोबाइलवर फिरवला गेला. त्यानंतर गावकऱ्यांनी सापडेल तो कॅमेरा फोडला आणि जाळला. सरकारी दप्तरात त्याची नोंद 'मालमत्तेचं नुकसान' अशी होणार. गावाच्या लेखी तो लेकीच्या अब्रूचा प्रश्न होता. या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती ऐकून मी थबकलो. तिथल्या बाया रानात मोठ्यानं बोलत, गाणी म्हणत फिरायच्या, जनावराला चाहूल लागावी म्हणून. कॅमेरे आल्यावर त्यांचे आवाज खाली आले. वाघ टिपणाऱ्या यंत्रानं वाघापासून वाचण्याची जुनी रीतच मोडली.

ऑस्ट्रियातही २०१२ मध्ये एक राजकारणी रानातल्या अशाच कॅमेऱ्यात नको त्या अवस्थेत सापडला होता. तिथं चर्चा झाली ती त्याच्या खासगीपणाच्या हक्काची. कॉर्बेटच्या त्या बाईच्या बाबतीत हा शब्द उच्चारायला काही वर्षं जावी लागली.

तेव्हा कुलूप किती जाड असावं हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. जर्मनीत म्युनिक शहरातल्या चार सार्वजनिक बागांत संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग केला. तो २०१४ मध्ये छापून आला. शास्त्रीय उपकरणांसारखी दिसणारी साठ खोटी यंत्रं त्यांनी अर्धवट लपवून ठेवली. वीस यंत्रांवर धमकीची चिठ्ठी, वीस यंत्रांवर कोरडी माहिती, आणि वीस यंत्रांवर आपुलकीनं लिहिलेला मजकूर. हे माझ्या संशोधनाचं काम आहे, कृपया हात लावू नका, अशा धर्तीचा. धमकीचा धाक सर्वांत जास्त असेल असं आपल्याला वाटतं. निघालं उलटं. आपुलकीची चिठ्ठी असलेल्या यंत्रांना लोकांनी हात लावण्याचं प्रमाण इतरांपेक्षा चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी होतं. अर्थात ज्यांनी हात लावला, त्यांनी किती मोडतोड केली यात फरक पडला नाही. अट्टल चोर चिठ्ठी वाचत बसत नाही!

म्युनिकची बाग आणि चंद्रपूरचं रान यात अंतर आहे, हे मान्य. पण आपल्याकडे तर जंगलावर गावाचा कायदेशीर हक्कही आहे. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर कितीतरी गावांना मिळाला. अशा रानात न विचारता कॅमेरा बांधणारा परका ठरतो, कॅमेरा काढणारा नव्हे. निदान गावाला तसं वाटलं तर नवल नाही. ताडोबाच्या आसपासच्या गावांत वाघ आला तर गर्दी आवरायला तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत. कॅमेरे बांधायला आणि तपासायला हीच पोरं सोबत घेतली, तर कुठला कॅमेरा पाणंदीवर नको, कुठल्या आडोशाला बाया जातात, हे ती पहिल्याच दिवशी सांगतील. हे सांगायला उपग्रह लागत नाही.

कॅमेरे लावण्याआधी दवंडी द्यावी. आठवडी बाजारात सांगावं. काढलेले फोटो शाळेत, ग्रामपंचायतीत दाखवावेत. आपल्याच नाल्यातला वाघ, आपल्याच बांधावरचं अस्वल पाहायला कुणाला आवडणार नाही? माणसाचा फोटो आला तर तो कुणी, किती दिवसांत पुसायचा, हे लेखी ठरलेलं असावं आणि गावाला माहीत असावं. आणि पेटीवर चिठ्ठी असावी ती मराठीत, जिथं लागेल तिथं माडिया-गोंडीत. 'हा कॅमेरा वाघ ओळखण्यासाठी आहे. माणसांचे फोटो आम्ही ठेवत नाही. महिनाभरानं काढून नेऊ. तुमच्या वाटेत येत असेल तर सांगा, हलवू.' त्याखाली बीटाच्या वनरक्षकाचा फोन नंबर असावा. लागणारा.