दारातली जुनी गाडी



आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात, पडवीत किंवा गोठ्याच्या आडोशाला एखादी जुनी गाडी उभी असेल. कुणाची स्कूटर, कुणाची जीप, कुणाचा ट्रॅक्टर. तिच्यावर कोंबड्या बसतात, मुले तिच्याशी खेळतात, आणि "पुढच्या महिन्यात हिचं काहीतरी करून टाकू," असे घरधनी दर महिन्याला म्हणतो. त्या पुढच्या महिन्याविषयी आज चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. मी यंत्रातला जाणकार नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवणारा साधा मनुष्य. परंतु या बाबतीत करता येतील तेवढ्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत. तेव्हा बोलण्याचा तेवढा अधिकार मला आहे असे समजा.

माझे वडील पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९९३ साली त्यांनी स्कूटर घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही, कारण पुढे जे झाले तो दोष वयाचा होता. त्या स्कूटरवर अण्णा शाळेत गेले, निवडणुकीच्या कामाला गेले, मला परीक्षेला घेऊन गेले. दरवर्षी खंडेनवमीला तिला झेंडूचा हार पडे. २०१९ साली अण्णा गेले आणि स्कूटर पडवीत उभी राहिली. मी नोकरीनिमित्त कराडला; गावी आई. पावसाळा आला की आई तिच्यावर ताडपत्री टाकी आणि मी गावी गेलो की एकदा किक मारून बघे. बस्स, एवढीच तिची चाकरी.

२०२३ साली तिच्या नोंदणीची मुदत संपत आली. आपल्या कायद्याप्रमाणे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. इथे एक गैरसमज दूर करतो. "पंधरा वर्षांची झाली की गाडी सरकारजमा" असे पारावर छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसे नाही. गाडी तपासणीत उतरली तर खासगी मालकाला नोंदणी वाढवून मिळते. पंधरा वर्षांनंतर नोंदणी न वाढवण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला तो सरकारी मालकीच्या गाड्यांना. दिल्लीकडचे निर्बंध निराळे. ते ऐकून सातारा-सांगलीच्या माणसाने घाबरण्याचे कारण नाही. मात्र शुल्क वाढले आहे. दुचाकीच्या नूतनीकरणाला पूर्वी ३०० रुपये पडत, ते १ एप्रिल २०२२ पासून १००० झाले, आणि जुन्या गाड्यांचे शुल्क पुढेही वाढत गेले. म्हणून आपल्या गाडीला आज किती पडेल हे परिवहन कार्यालयातच विचारून घ्यावे.

मी बाजारपेठेतल्या मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी स्कूटर आडवी केली, उभी केली, आणि कागदावर आकडे लिहून दिले. इंजिनाचे बोअरिंग व नवा पिस्टन, ४५०० रुपये. क्लच, केबली, कार्ब्युरेटर, २२०० रुपये. टायर-ट्यूब, २८०० रुपये. पायाखालचा पत्रा कापून नवा जोडणे, ४००० रुपये. एकूण १३५०० रुपये. शिवाय नोंदणीचे शुल्क, पर्यावरण कर आणि विमा धरला की हिशेब सतरा हजारांच्या घरात. अशा जातीची चालू स्थितीतली स्कूटर तेव्हा आमच्या भागात दहा-बारा हजारांना मिळत होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच!

तरीसुद्धा माझ्या मनात काय आले, सांगू? तीन वर्षांपूर्वी मी तिच्यावर सहा हजार रुपये घातले होते. ते वाया जातील! शहाणीसुरती माणसे फसतात ती इथेच. अहो, ते सहा हजार कधीच गेले होते. गाडी ठेवली तरी ते परत येणार नव्हते, आणि मोडली तरी नव्याने जाणार नव्हते. मागचे पैसे वाचवायला पुढचे पैसे घालणे म्हणजे आटलेल्या विहिरीत दोर वाढवीत बसण्यासारखे आहे. निर्णय करावयाचा तो पुढच्या खर्चावर.

म्हणून तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. दुरुस्तीनंतर गाडी सुरक्षितपणे किती वर्षे चालेल? तशीच चांगली गाडी आज बाजारात कितीला मिळेल? आणि ती दुरुस्त झाल्यावर मी खरोखर वापरणार आहे का? शिक्षक बंधुभगिनींना सुचवावेसे वाटते की, सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित म्हणून घालावे. मुले घरी जाऊन वडिलांना हेच प्रश्न विचारतील, आणि उत्तर लवकर मिळेल.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. जुनी गाडी दिसली की मोडा, असे मी म्हणत नाही. इंजिन धडधाकट आहे, सांगाडा शाबूत आहे, गाडी रोज कामाला येते आणि तीन-चार हजारांत दोन-तीन वर्षांची निश्चिंती होते, तर ती खुशाल दुरुस्त करावी. शेजाऱ्याने घेतली म्हणून लाखाच्या घरातली नवी गाडी कर्जावर आणणे हा काही शहाणपणा नव्हे. म्हणून दुरुस्तीची वही ठेवावी. तारीख, काम, रक्कम. दोन वर्षांची पाने चाळली की उत्तर आपोआप सापडते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

मी या विचारात असतानाच गावातला एक तरुण आला. वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीला घालणारा. म्हणाला, "सर, पाच हजार देतो. बाकी काम मी बघतो. कागदाचं नंतर बघू." पाच हजार! मी खूश झालो. आई म्हणाली, "कुणाच्या तरी कामी येईल, अण्णांनाही बरं वाटेल." मी होकार देणार, इतक्यात मिस्त्रींनी काही न बोलता पायाखालची रबराची चटई उचलली. खाली पत्र्याची चाळण झालेली होती. या जातीच्या स्कूटरला वेगळी चौकट नसते. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. त्यावर दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन लटकवून हा मुलगा पहाटेच्या अंधारात घाट उतरणार होता.

खरे सांगतो, क्षणभर वाटले, त्याचे त्याला कळत नाही काय? घेणाऱ्याने बघून घ्यावे. परंतु ती चटई मी पूर्वी उचललेली होती. मला ठाऊक होते, त्याला नव्हते. मी त्याला जवळ बोलावले, पत्रा दाखवला आणि म्हणालो, "ही तुला देता येणार नाही." तो जरा नाराज होऊन गेला. पाच हजार गेले. पण आपल्या दारातले संकट कागदात गुंडाळून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे, याला गाडी विकणे म्हणत नाहीत.

आणि त्याचे ते "कागदाचं नंतर बघू" हे वाक्य! हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. गाडी दारातून जाते एका दिवसात. आपल्या नावावरून ती कागदाशिवाय जात नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' हा खटला आला होता. एक मोटार विकली गेली, पुढे आणखी काही हातांतून फिरली, पण सरकारी नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. पुढे अपघात झाला. न्यायालयाने सांगितले, ज्याच्या नावे नोंद आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून पैसे संपलेले, आणि हा बोजा मात्र उभा! म्हणून विक्री झाली की चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे, आणि गाडी घेणाऱ्याच्या नावावर झाल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

माझी अडचण तर याहून विचित्र होती. स्कूटर अण्णांच्याच नावावर होती. मालक वारला तर तीस दिवसांत कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत वारसाने आपल्या नावावर करून घ्यावे, असा नियम आहे. मला चार वर्षे सुचले नव्हते. मग मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, आईची व बहिणीची संमती असे करीत दोन महिने गेले. तुमच्याही घरात गेलेल्या माणसाच्या नावावर गाडी असेल, तर सात-बाराइतकीच तिचीही आठवण ठेवा.

शेवटी गाडी मोडीत काढायचे ठरले. गावच्या भंगारवाल्याने तीन हजार देऊ केले; कागद मात्र काही देणार नव्हता. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांचे धोरण जाहीर केले. त्याप्रमाणे नोंदणीकृत केंद्रे गाडी मोडून घेतात. तिथे मालकीचे कागद तपासतात. गाडी जमा झाल्याचे प्रमाणपत्र आणि पुढे ती मोडल्याचे प्रमाणपत्र देतात. नोंदही रद्द होते. इंजिनातले तेल, बॅटरीतले अॅसिड आपल्या ओढ्यात जात नाही, हा आणखी एक लाभ. ते जमा-प्रमाणपत्र जपून ठेवावे. नवी खासगी गाडी घेताना त्यावर करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमात आहे. राज्याचा दर काय, ते कार्यालयात विचारावे. गाडीवर कर्जाचा बोजा किंवा थकलेला दंड असेल तर तो आधी फेडून टाकावा.

पुण्याकडे रिकामा परतणारा टेम्पो मी गाठला. भाडे बाराशे रुपये. केंद्रात स्कूटरचे चोवीसशे मिळाले. म्हणजे भंगारवाल्याच्या मानाने अठराशे रुपयांचा तोटा. तो मी आनंदाने सोसला. त्या अठराशे रुपयांत अण्णांचे नाव निर्वेध झाले.

टेम्पो निघताना आईने स्कूटरला हळदकुंकू वाहिले. म्हणाली, "तीस वर्षं राबली." खरे आहे. थकलेल्या बैलाला आपण दावणीला ठेवतो, कारण त्याला माया कळते. यंत्राला ती कळत नाही. त्याच्याविषयीची कृतज्ञता मनात ठेवावी. पत्रा अंगणात गंजत ठेवू नये.

आईने किल्ली तेवढी ठेवून घेतली आहे. ती देवघराशेजारी खुंटीला आहे. जागा फार अडत नाही.

तेव्हा मंडळी, आज घरी गेलात की आपल्या गाडीची चटई एकदा उचलून बघा, आणि नोंदणीच्या पुस्तकावर नाव कुणाचे आहे तेही वाचा. पुढच्या महिन्याची वाट बघू नका.