कान वाजतात तेव्हा



शेडमधले डिझेल इंजिन, हॉर्न, हातोडे यांच्या सततच्या आवाजाने आतल्या कानातील केसाळ पेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. मागे उरते ती रात्रीची सूं-सूं. आठ तास 85 डेसिबलच्या वर म्हणजे धोका. हातभर अंतरावरच्या साथीशी ओरडून बोलावे लागते, तिथे तेवढा आवाज असतोच, असे समजावे.

टपालातील आपल्या साथींजवळ इंजिन नाही. पण मळ, संसर्ग, क्विनीन, जास्त अ‍ॅस्पिरिन यांनीही कान वाजतात. मळ डॉक्टरकडूनच काढून घ्यावा, काडीने नव्हे. एकाच कानात आवाज, नाडीबरोबर ठोके किंवा चक्कर असेल तर तपासणी हवीच. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपण दवाखाना का टाळतो? मेडिकलमध्ये नापास झालो तर गाडीवरून उतरवतील, म्हणून. भीती खोटी नाही. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 सांगते, की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कामगाराला काढू नये, दर्जाही घटवू नये. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. आणि इअरमफ कपाटात कुलूपबंद असतील, तर तो विषय शाखेच्या पुढच्याच सभेत घेऊ.