न सापडलेला गुंजारव
(उस्मानपुरा येथील शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मराठवाड्यात, औंढा नागनाथ येथे, गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र शासनाने २०२३ साली मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा व त्यांतून धावणारा लेसरचा प्रकाश, असे तिचे स्वरूप. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथम टिपली. तेव्हा भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही लहान होता.

ती एक ठळक हाक होती. परंतु विश्वात अशी मीलने सतत घडत असतात. दूरदूरच्या असंख्य लहरी मिसळून एक मंद गुंजारव होत असला पाहिजे. महाशिवरात्रीला नागनाथाच्या यात्रेचा गलबला दूरच्या शेतात ऐकू यावा, पण एकही शब्द वेगळा कळू नये, तसाच हा प्रकार.

हा गुंजारव यंत्राच्या खरखरीहूनही क्षीण असतो. मग तो शोधावा कसा? समजा, दोन शेतांत दोघे कान देऊन बसले आहेत. एकापाशी पाण्याचा पंप चालू आहे, दुसऱ्यापाशी पिठाची गिरणी. दोघांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर पंप व गिरणी यांचा मेळ बसणार नाही. दोन्हींत समान उरेल ती यात्रा. वेधशाळांच्या नोंदीही महिनोन्महिने अशाच ताडतात. हा गुंजारव आकाशाच्या कोणत्या भागातून अधिक येतो, याचा नकाशा काढण्याची रीत मांडणाऱ्या २००८ सालच्या निबंधाच्या लेखकांत पुण्याच्या आयुका संस्थेचे संजीव धुरंधर हे होते.

२०१५ ते २०२० या काळातील तीन निरीक्षण-सत्रांत गुंजारव सापडला नाही. शास्त्रज्ञांनी तसेच प्रसिद्ध केले. आणि तो अमुक मर्यादेहून मोठा असू शकत नाही, हेही सिद्ध केले. न सापडण्यातूनही ज्ञान वाढले.

मी वर्गशिक्षक असताना एका मुलाने प्रयोगवहीत ‘काही फरक दिसला नाही’ असे लिहिले होते. मी त्यावर तांबडी रेघ ओढली. पुढच्या वेळी त्याने पुस्तकातील उत्तर उतरविले आणि मी त्यास पूर्ण गुण दिले. ती रेघ मला आजही बोचते.

औंढ्याच्या वेधशाळेत उद्या बसणारी मुले आज आपल्याच वर्गांत असतील. त्यांनी जे पाहिले तेच लिहावे, एवढे धैर्य आपण त्यांस देऊ या.