माय, पाय, बाय

मुलगी बी.ए. झाली तेव्हा म्हणाली, "अब्बा, मला कर्णबधिर मुलांना शिकवायचंय." मी जन्मभर कवितेत नाद शोधलेला माणूस. महिनाभर तिच्याशी धड बोललो नाही.

ती ऐकणारी नव्हती. तिनं विशेष शिक्षणातलं बी.एड. केलं. १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं, तेही केलं. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते, हे मला तिच्याकडूनच कळलं.

एकदा तिच्या वर्गात गेलो. सात वर्षांचा एक मुलगा आरशासमोर बसला होता. ती म्हणाली, "अब्बा, आवाज न काढता म्हणा: माय, पाय, बाय."

मी आरशात पाहिलं. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलले! आमच्या कवितेत हे यमक. त्या पोरासाठी तिन्ही मिळून एकच शब्द.

तिनं त्याचं बोट आपल्या नाकावर ठेवलं, म्हणजे 'म'चा कंप कळावा. 'प'साठी ओठांपुढे कागदाची पट्टी धरली, ती हलली. 'ब'साठी हात गळ्यावर. मग चित्र, मग हाताची खूण. एका शब्दासाठी अर्धा तास!

मला शब्द फुकट मिळाले होते, हे तिथं उमगलं.

तुमच्या घरी कुणी हा मार्ग धरला, तर माझ्यासारखा अबोला धरू नका.