इंद्रधनुष्य कुठे असते?



‘आकाशात घार आहे’ आणि ‘आकाशात इंद्रधनुष्य आहे’ ही दोन्ही वाक्ये व्याकरणाने सारखीच. दोन्हींत सप्तमीचा ‘त’ आहे. पण घारीच्या खाली जाऊन उभे राहता येते, इंद्रधनुष्याच्या खाली नाही. आपण चालू लागलो की तेही सरकते. मग त्याला ठिकाण आहे म्हणायचे की नाही?

ज्याला हात लावता येत नाही त्याला जागाच नसते, हे उत्तर घाईचे आहे. लोहचुंबकाचे क्षेत्र हाती लागत नाही. तरी भोवतालच्या प्रत्येक बिंदूवर त्याचे बळ आणि दिशा मोजता येते. वीज चमकल्यावर तीन सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण एक किलोमीटरवर कडाडली. मधल्या तीन सेकंदांत आवाज कुठे होता? हवेत, पसरत. वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला; पण तो कानापर्यंत कसा पोचतो हे सांगताना त्या परंपरेने दाखला दिला तो पाण्यावरच्या लाटांचाच.

संस्कृत वैयाकरणांनी अधिकरणाचे तीन प्रकार केले. चटईवर बसलेला माणूस चटईच्या एका भागाला टेकलेला असतो, ते औपश्लेषिक. तिळात तेल सर्वत्र भिनलेले असते, ते अभिव्यापक. मोक्षाविषयी इच्छा असते, ते वैषयिक. चुंबकाचे क्षेत्र तिळातल्या तेलाच्या जवळचे.

इंद्रधनुष्य मात्र यांपैकी कशातच नीट बसत नाही. सूर्य पाठीशी असताना समोरच्या थेंबांतून परतणारा तांबडा प्रकाश, आपल्या डोक्याच्या सावलीच्या दिशेशी सुमारे ४२ अंशांचा कोन करून डोळ्यांत येतो. शेजारच्या माणसाला तोच रंग दुसरे थेंब दाखवतात. म्हणजे त्याचे इंद्रधनुष्य वेगळे! त्याला दिशा आहे, ठरलेले अंतर नाही. तरी तो मनाचा भास नव्हे. कॅमेऱ्यातही ते येते.

म्हणून त्याच्यासाठी सप्तमी अपुरी पडते, पंचमीही लागते. ‘कुठे आहे’ याबरोबर ‘कुठून दिसते’ हेही सांगावे लागते. वर्गात एखाद्या मुलीने हा प्रश्न विचारला, तर ‘ते खरे नसते’ म्हणून तिला खाली बसवू नका. तिला विचारा, ‘तू कुठून पाहतेस?’ विज्ञान आणि व्याकरण, दोन्ही तासांची सुरुवात तिथून होईल.